हा पैसा कोणाचा?



ज्या शाळेच्या पाटीवर मी मुळाक्षरे गिरविली, त्याच शाळेने मला आज या व्यासपीठावर बोलवावे, याहून मोठा बहुमान माझ्या वाट्याला आलेला नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे नाव मी पुन्हा उच्चारीत नाही. या सभागृहात ‘सर’ म्हटले की आपणा सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहते. सरांची एक आठवण सांगतो आणि तिच्याच आधाराने आजच्या विषयाकडे वळतो.

गोष्ट १९५५-५६ च्या सुमाराची. हैदराबादेत त्या काळी हाली सिक्का अजून चालत होता आणि कलदारही चालत होता. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आम्हां पोरांना तोंडपाठ असे. मधल्या सुटीत शाळेमागे काही मुले पैसे लावून गोट्या खेळत. मी ‘अ’ तुकडीचा मॉनिटर. ‘ब’ तुकडीच्या मॉनिटरला हाताशी धरून मी एके दिवशी हा डाव पकडला. मुले पळाली, पैसे आमच्या हाती राहिले. मग आम्हा दोघांतच जुंपली. त्याचे म्हणणे, मुले बहुतेक ‘ब’ तुकडीची, तेव्हा पैसा ‘ब’ तुकडीच्या पेटीत जावा. माझे म्हणणे, बेत माझा, धावपळ माझी, तेव्हा निम्म्याहून अधिक वाटा माझ्या तुकडीचा. हा वाद घेऊन आम्ही सरांकडे गेलो. सरांनी दोघांचेही ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, “ते राहू द्या. आधी हे सांगा, हा पैसा कोणाचा?”

दोघांनाही उत्तर देता आले नाही. सरांनी मुलांना एकेक करून बोलाविले. एकाने फीचे पैसे डावात लावले होते. दुसऱ्याला आईने रॉकेल आणायला दिलेले पैसे त्याने घालविले होते. त्या दोन्ही घरांचे पैसे सरांनी आधी परत पाठविले. उरलेली रक्कम गरीब विद्यार्थी निधीच्या डब्यात टाकली. आणि आम्हा दोघांना, श्रमाचा मोबदला म्हणून, एकेक पेन्सिल दिली. तीही त्या पैशांतून नव्हे, स्वतःच्या खिशातून.

पुढे वकिलीच्या व्यवसायात आयुष्य गेले. गुन्ह्याचा पैसा सरकारजमा होतो, तेव्हा त्याचे काय करावे, या प्रश्नावर अनेक देशांचे कायदे आणि करार वाचण्यात आले. पण सरांनी त्या दुपारी जो क्रम लावला, त्याहून नेटका क्रम मला कोठे आढळला नाही. आजचा विषय तोच आहे. मादक द्रव्यांच्या चोरट्या व्यापारातून मिळालेला पैसा दोन-तीन देशांची सरकारे मिळून पकडतात, तेव्हा त्या पैशाची वाटणी कशी व्हावी?

हा विषय हैदराबादेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या शहराच्या इतिहासातच आहे. हैदराबाद हे रसायनांचे आणि औषधांचे शहर आहे. १९६१ साली आय.डी.पी.एल. ही सरकारी औषध कंपनी स्थापन झाली. तिच्या बालानगर येथील कारखान्याने येथे रसायनतज्ज्ञांची एक पिढीच घडविली आणि पुढे जीडीमेटला, बोल्लारम, पाटणचेरू या भागांत शेकडो कारखाने उभे राहिले. त्यांतील औषधांनी जगभरच्या रुग्णांचे दुःख हलके केले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु विद्येला दोन्ही बाजूंनी धार असते. हैदराबादच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेची धुरा ज्यांनी दीर्घकाळ वाहिली, ते डॉ. सय्यद हुसेन झहीर आणि त्यांचे सहकारी इंद्र किशोर कक्कड यांनी १९५१ मध्ये मेथाक्वालोन हे द्रव्य प्रथम तयार केले. शुद्ध शास्त्रीय हेतूने केलेले ते काम होते. पुढे हेच द्रव्य झोपेचे औषध म्हणून जगभर विकले गेले, ‘मॅन्ड्रॅक्स’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि शेवटी दक्षिण आफ्रिकेतील गरीब वस्त्यांमध्ये नशेचे साधन बनले. ऑक्टोबर २०१६ मध्ये उदयपूर येथे महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने सुमारे साडेतेवीस टन मॅन्ड्रॅक्सच्या गोळ्या पकडल्या. द्रव्य येथे बनते, व्यसनी तेथे मरतो, आणि नफा तिसऱ्याच देशात जाऊन बसतो, हे या व्यापाराचे मर्म आहे.

अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये, मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिसांचे पथक महाराष्ट्रातून येथे आले आणि चेर्लापल्ली येथील एका कारखान्यावर त्यांनी छापा घातला. वर्तमानपत्रांत बारा हजार कोटींचा आकडा झळकला. खटल्यात काय ठरायचे ते न्यायालय ठरवील. मला येथे एवढेच सांगावयाचे आहे की असा आकडा म्हणजे पैसा नव्हे. तो मालाच्या संभाव्य बाजारभावाचा अंदाज असतो, आणि माल जाळून नष्ट करावयाचा असतो. खरा पैसा असतो तो आधीच विकलेल्या मालाचा. तो घरांत, जमिनींत, सोन्यात, परदेशी बँकांत आणि अलीकडे आभासी चलनात जाऊन दडलेला असतो. छाप्याच्या छायाचित्रात तो कधीच दिसत नाही.

हा पैसा हाती लागण्याची वाट लांबची आहे, आणि आपल्या बोलण्यात त्या वाटेवरील सर्वच मुक्कामांना आपण ‘जप्ती’ म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. प्रथम शोध लागतो. मग टाच येते, म्हणजे मालकाला ती वस्तू विकता किंवा हलविता येत नाही. मालकी मात्र त्याचीच राहते. मग न्यायालयात किंवा सक्षम अधिकाऱ्यापुढे सुनावणी होते. तीत गुन्ह्याशी संबंध ठरला, तर वस्तू सरकारजमा होते. त्यानंतर लिलाव, खर्चाची वजावट, आणि सर्वांत शेवटी वाटणी. टाच आणि सरकारजमा यांच्यामध्ये दहा-दहा, वीस-वीस वर्षे जातात. त्यात देशाची सीमा आडवी आली म्हणजे काय होते, हे हैदराबादकरांना वेगळे सांगावयास नको.

१९४८ च्या सप्टेंबरात, पोलीस कारवाईच्या त्या दिवसांत, निजामाच्या लंडनमधील खात्यातून दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड आणि नऊ शिलिंग पाकिस्तानचे तेथील उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावावर वळविण्यात आले. निजामाने ती रक्कम परत मागितली. १९५७ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की दुसऱ्या सार्वभौम राष्ट्रावर येथे दावा चालणार नाही. झाले, पैसा बँकेत अडकून पडला. २०१३ मध्ये पाकिस्ताननेच दावा पुढे आणला, तेव्हा कोंडी फुटली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निर्णय दिला, तोवर ती रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. निकाल भारत सरकार आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने लागला. या दोघांनी आपापसांतील वाटणीचा समझोता आधीच केलेला होता.

हा पैसा गुन्ह्याचा नव्हता, हे मी स्पष्ट करतो. मात्र त्यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की सरकारा-सरकारांत समझोता नसेल तर पैसा सत्तर वर्षे कोणाच्याच उपयोगी पडत नाही. दुसरा असा की पैसा ज्याच्या नावावर असतो तो त्याचा मालक असतोच असे नाही. तो नुसता विश्वस्त असू शकतो. हा ‘विश्वस्त’ शब्द कृपया लक्षात ठेवावा. माझ्या आजच्या प्रतिपादनाचा तो गाभा आहे.

आता मादक द्रव्यांच्या पैशाकडे येऊ. डिसेंबर १९८८ मध्ये व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. १९९० मध्ये भारत त्यात सामील झाला. त्याआधीचे करार प्रामुख्याने मालाविषयी बोलत असत. या कराराने पैशावर बोट ठेवले. त्याचे पाचवे कलम सांगते की एका राष्ट्राने विनंती केली असता दुसऱ्याने आपल्या भूमीवरील गुन्ह्याचा पैसा शोधावा, गोठवावा आणि सरकारजमा करावा; बँकांची गुप्तता हे त्यास नकार देण्याचे कारण ठरू नये. मग त्या पैशाचे काय? ज्या देशात तो सापडला त्या देशाने आपल्या कायद्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी, हा सर्वसाधारण नियम. परंतु त्याच कलमात पुढे म्हटले आहे की हा पैसा मादक द्रव्यांविरुद्ध झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना देण्याचा, किंवा सहकार्य करणाऱ्या राष्ट्रांनी आपापसांत वाटून घेण्याचा, राष्ट्रांनी विशेषत्वाने विचार करावा. ‘विचार करावा’ एवढेच. सक्ती नाही.

अशी तरतूद कशासाठी करावी लागली? कारण एरवी सहकार्य कोणी का करावे? हैदराबादच्या अधिकाऱ्याने वर्षभर कागद चाळून दुबईतील एका इमारतीचा पत्ता काढला आणि लिलावाचा सारा पैसा दुबईच्या तिजोरीत गेला, तर पुढच्या वेळी तो अधिकारी उत्साहाने काम करील काय? उलटपक्षी, सारा पैसा भारतानेच मागितला, तर दुबईने आपली न्यायालये, आपले पोलीस त्यासाठी का राबवावेत? वाटणी हे सहकार्याचे वंगण आहे. ते नसेल तर चाक कुरकुरते आणि मध्येच थांबते.

मुंबईचे एक उदाहरण घेऊ. इक्बाल मिर्ची या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या इसमावर मादक द्रव्यांच्या व्यापाराचे आरोप होते. तो लंडनला जाऊन राहिला. भारताने त्याला ताब्यात मागितले, पण ते साधले नाही; २०१३ मध्ये तो तेथेच मरण पावला. भारतात त्याच्यावरील खटला कधी पूर्णत्वाला गेला नाही. माणूस गेला, मालमत्ता राहिली. २०१९ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने वरळीच्या मालमत्तांचा तपास हाती घेतला आणि २०२० मध्ये दुबईतील पंधरा मालमत्तांवर, सुमारे २०३ कोटी रुपयांच्या, टाच आणल्याचे जाहीर केले. वरळीतील इमारतीवर मुंबईतील हुकूम लगेच चालतो. दुबईतील इमारतीवर तोच हुकूम तेथील शासनाने हाती घेईपर्यंत कागदच असतो. तेथील शासनाने तो का हाती घ्यावा, याचे एक उत्तर मैत्री हे आहे आणि दुसरे उत्तर वाटा हे आहे.

याच्या उलट दिशेचे उदाहरणही आहे. उत्तराखंडातील हल्द्वानी येथील एका इसमाने इंटरनेटच्या काळ्या बाजारातून अमेरिकेत मादक द्रव्ये विकली. २०१९ मध्ये तो लंडनला पकडला गेला, २०२३ मध्ये अमेरिकेच्या हवाली झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याने गुन्हा कबूल करून सुमारे पंधरा कोटी डॉलर किमतीचे आभासी चलन सोडून दिले. अमेरिकेच्या विनंतीवरून आपल्या संचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये हल्द्वानीत झडती घेतली आणि सुमारे १३० कोटी रुपयांचे २६८ बिटकॉइन ताब्यात घेतले. आता पाहा: व्यसनी अमेरिकेतील, विक्रेता भारतातील, अटक ब्रिटनमधील, चलन कोणत्याच देशात नसलेले आणि त्याची किल्ली हल्द्वानीत. येथे ‘पैसा सापडला तो देश’ हा जुना नियमच डळमळतो.

मग वाटणीचे तत्त्व कोणते? माझ्या मते जगात तीन तत्त्वे मांडता येतात. त्यांना मी ताबा, श्रम आणि हानी अशी नावे देतो.

ताबा म्हणजे ज्याच्या भूमीवर सापडले त्याचे. श्रम म्हणजे ज्याने जितके कष्ट केले तितके त्याचे. हानी म्हणजे ज्याच्या लोकांचे नुकसान झाले त्याचे. निरनिराळ्या देशांनी यांचे निरनिराळे मिश्रण केले आहे. युरोपीय संघाने २००६ मध्ये सोपी तोड काढली: दहा हजार युरोपर्यंतची रक्कम, ती जेथे वसूल झाली त्या देशाने ठेवावी, त्यावरील रकमेचा निम्मा भाग विनंती करणाऱ्या देशाला द्यावा. स्वित्झर्लंडने २००४ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदाच केला आणि परकी राष्ट्राशी सामान्यतः निम्मी-निम्मी वाटणी ठरविली. कॅनडाने श्रमाचे माप लावले: ज्याचा वाटा प्रमुख त्याला नव्वद टक्के, ज्याचा लक्षणीय त्याला पन्नास, ज्याचा अल्प त्याला दहा. अमेरिकेतही परकी राष्ट्राने तपासात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भाग घेतला असेल तर त्याला हिस्सा देता येतो. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये वाटणीच्या कराराचा एक नमुना तयार करून दिला. त्याचाही कल श्रमाकडेच आहे.

ताबा आणि श्रम यांना सर्वत्र मान मिळाला. हानी मात्र मागे राहिली. याला एक कारण आहे, आणि ते समजून घेतले पाहिजे. सरकारी तिजोरीतून चोरलेला पैसा असेल तर त्याला मालक असतो. म्हणून भ्रष्टाचारविरोधी आंतरराष्ट्रीय करार असा पैसा परत करण्यास सांगतो. मादक द्रव्यांच्या पैशाचे तसे नाही. तो विकत घेणाऱ्याने आपल्या हाताने दिलेला असतो. ‘माझे पैसे परत द्या’ असे म्हणत कोणी व्यसनी न्यायालयात येत नाही. परत करावयास मालक नाही, म्हणून वाटून घ्यावयाचे, असा हा तर्क आहे.

तर्क बिनचूक आहे. पण अपुरा आहे. मालक नाही याचा अर्थ बळी नाही असा होत नाही. ज्या मुलाने आईचे दागिने विकून पुडी घेतली, त्याच्या आईचा या व्यवहारात काहीच हिशेब नाही काय? सरांनी रॉकेलचे पैसे परत पाठविले, तेव्हा ‘मुलाने ते स्वखुशीने डावात लावले होते’ असा युक्तिवाद आम्ही करू शकलो असतो. सरांनी तो ऐकून घेतला असता असे मला वाटत नाही.

दोन सत्तांनी एकाच मुलखाच्या उत्पन्नात वाटा घेणे ही गोष्ट आपल्या दख्खनला नवी नाही. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांकडे आली. पालखेडनंतर १७२८ मध्ये मुंगी-शेवगावच्या तहाने निजामाला तो हक्क मान्य करावा लागला. शेकडा पंचवीस आणि शेकडा दहा, असे प्रमाण कागदोपत्री चोख ठरले. मराठवाड्यात दुअंमली गावे झाली. एका गावावर दोन सरकारांचे अंमलदार. दोन्ही दरबारांचे वकील हिशेबात तरबेज होते. त्या तहात रयतेचा कलम किती होता? दोन सरकारांचे एकमत झाले म्हणजे न्याय झाला असे नव्हे, हे आपल्या पूर्वजांनी सोसून जाणले आहे.

वाटणीतील दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. पकडणाऱ्याला पकडलेल्या पैशातून वाटा मिळू लागला की त्याची नजर गुन्ह्यावरून पैशाकडे सरकते. अमेरिकेत हे घडले आहे. तेथे अनेक ठिकाणी पोलीस खात्याच्या खर्चाला अशा पैशाचा आधार असतो. इंडियाना राज्यात टायसन टिम्ब्स नावाच्या माणसाने थोडे हेरॉइन विकले. त्या गुन्ह्याचा कमाल दंड दहा हजार डॉलर; सरकारने मात्र त्याची बेचाळीस हजार डॉलरची मोटार ओढून नेली, जी त्याने वडिलांच्या विम्याच्या पैशातून घेतली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की अवाजवी दंडाविरुद्धचे घटनेचे संरक्षण राज्यांनाही बांधून आहे. सरांनी आम्हाला पेन्सिली डावाच्या पैशातून दिल्या नाहीत, यामागचे शहाणपण मला हा निकाल वाचताना प्रथम नीट उमगले. मोबदला त्या पैशातून मिळाला असता, तर दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघे डाव मोडण्यासाठी नव्हे, डाव रंगण्याची वाट पाहत झाडामागे दबा धरून बसलो असतो!

आपल्या देशातील कायदा काय म्हणतो? गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ चा. १९८९ मध्ये त्यात पाच-अ हे प्रकरण घालण्यात आले आणि या व्यापारातून मिळविलेली मालमत्ता सरकारजमा करण्याची व्यवस्था झाली. ती नातलगांच्या आणि साथीदारांच्या नावावरील मालमत्तेपर्यंतही पोहोचते. मालमत्ता सचोटीच्या पैशाची आहे, हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर नोटीस बजावली त्याच्यावर असतो. हा भार जड आहे. निरपराध पत्नी, कर्ज देणारी बँक, पूर्ण किंमत मोजून घर घेणारा गिऱ्हाईक, यांचे म्हणणे नीट ऐकले गेले नाही तर या कायद्याचाच अन्याय होईल. वाटणीला उतावीळ झालेली दोन सरकारे या माणसांना अडथळा समजू लागतील, अशी भीती नेहमी बाळगली पाहिजे.

त्याच वर्षी या अधिनियमात ७-अ हे कलम आले. त्याविषयी बोलताना मला सरांच्या निधीच्या डब्याची आठवण होते. या कलमाने मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाच्या नियंत्रणासाठी एक राष्ट्रीय निधी निर्माण केला. प्रकरण पाच-अ खाली सरकारजमा झालेल्या मालमत्तेच्या विक्रीचा पैसा या निधीत जावा, आणि तो चोरट्या व्यापाराला आळा, व्यसनाधीनांची ओळख, उपचार, पुनर्वसन आणि लोकशिक्षण यांवर खर्च व्हावा, असे तेथे लिहिले आहे. म्हणजे ज्या विषाने पैसा उभा राहिला, त्याच विषाच्या उतारावर तो खर्च व्हावा. हे तत्त्व आपल्या संसदेने १९८९ मध्येच मान्य केले.

पुढे २००२ चा काळ्या पैशाच्या शुद्धीकरणास प्रतिबंध करणारा अधिनियम आला आणि १ जुलै २००५ पासून अमलात आला. परदेशी सरकारच्या विनंतीवरून भारतात मालमत्ता सरकारजमा झाली तर काय करावयाचे, हे त्याच्या ६० व्या कलमात २०१३ च्या दुरुस्तीने सांगितले: केंद्र सरकारने ती त्या राष्ट्राला परत करावी, किंवा विकून, उभयपक्षी मान्य अटींवर, वाजवी खर्च वजा करून, त्याची भरपाई द्यावी. ही आपल्याकडील वाटणीची तरतूद होय. परंतु याच अधिनियमाखाली आपल्या स्वतःच्या खटल्यात सरकारजमा झालेली मालमत्ता केंद्र सरकारकडे निहित होते. ती व्यसनमुक्तीच्या त्या निधीत जावी असे तेथे म्हटलेले नाही. आणि उद्या एखाद्या परकी राष्ट्राने भारताला आपला वाटा धाडला, तर तो त्या निधीत जमा होईलच, असेही ७-अ कलम स्पष्ट शब्दांत सांगत नाही.

बाहेरून कोणी हे आपल्याला सांगणारही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या त्या नमुना करारात अशी तरतूद आहे की वाटा देणाऱ्याने घेणाऱ्यावर, परस्परसंमतीवाचून, पैसा कसा खर्चावा याची अट घालू नये. राष्ट्रांच्या सार्वभौमत्वाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की अट घालावयाची तर ती आपली आपणच घातली पाहिजे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मादक द्रव्यांच्या व्यापारातील जो काही पैसा भारताच्या हाती येईल, मग तो कोणत्याही कायद्याखाली सरकारजमा झालेला असो वा परकी सरकारने दिलेला वाटा असो, तो खर्च वजा जाता ७-अ च्या निधीतच जावा, अशी एक ओळ कायद्यात घालावी. त्या निधीत किती आले, कोठून आले आणि कोणत्या जिल्ह्यातील कोणत्या उपचारकेंद्रावर खर्च झाले, याचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना चांगले वेतन, साधने आणि सन्मान जरूर द्यावेत. पण ते अर्थसंकल्पातून, पकडलेल्या पैशातून नव्हे. आणि जेथे भारतात बनलेल्या द्रव्याने परदेशात घरे उद्ध्वस्त झाली असतील, तेथे वाटणीच्या वाटाघाटींत आपण होऊन हानीचा मुद्दा मांडावा. जोहान्सबर्गच्या आईचे दुःख हैदराबादच्या आईच्या दुःखाहून निराळे नसते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की सरकारी पैसा शेवटी एकाच तिजोरीतला; निधीचे वेगळे खाते कशाला? त्याला उत्तर असे की खाते वेगळे असले म्हणजे प्रश्न विचारता येतो. तिजोरीच्या समुद्रात पडलेल्या थेंबाचा हिशेब कोणी मागू शकत नाही. दुसरा आक्षेप असा की असा पैसा मुळात थोडा, अनिश्चित आणि उशिरा येणारा. त्याच्या भरवशावर उपचारकेंद्रे कशी चालतील? हा आक्षेप मला मान्य आहे. उपचारकेंद्रे नियमित अनुदानावरच चालली पाहिजेत. हा पैसा आधाराचा नव्हे, प्रायश्चित्ताचा आहे. तो थोडा असला तरी योग्य ठिकाणी गेला पाहिजे, कारण तो कोठे जातो यावरून शासन स्वतःला त्या पैशाचे मालक समजते की विश्वस्त, हे ठरते.

माझ्यासमोर बसलेल्या मुलामुलींना शेवटी दोन शब्द. तुमच्यापैकी अनेक जण रसायनशास्त्र शिकाल, या शहराच्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत काम कराल. काही जण पोलीस खात्यात, बँकेत, न्यायालयात जाल. यांतील प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी असा पैसा किंवा असा माल तुमच्या टेबलावरून सरकेल. त्या वेळी ‘यात माझा वाटा किती’ हा प्रश्न मनात येण्याआधी, सरांनी आम्हाला विचारलेला प्रश्न तुमच्या मनात यावा, एवढीच माझी इच्छा आहे.

ती पेन्सिल मी पुष्कळ दिवस जपून ठेवली होती. लिहून लिहून ती संपली. प्रश्न मात्र अजून संपलेला नाही. तो आपल्या स्वाधीन करून मी रजा घेतो.